हाय बीच फॉरेस्टर्स

इंग्लंडातील आरंभीच्या स्पीडवे संघांपैकी एक. त्या वेळी इसेक्स परगण्यात असलेल्या इल्फर्डच्या मोटारसायकल क्लबने एपिंग अरण्यातील हाय बीच येथे, किंग्ज ओक उपाहारगृहाच्या मागील वर्तुळाकार मार्गावर, १९ फेब्रुवारी १९२८ रोजी भरविलेल्या शर्यतींतून या संघाचा उगम झाला. सुमारे तीन हजार प्रेक्षकांच्या अदमासाने केलेला बंदोबस्त त्याच्या कितीतरी पट लोटलेल्या जनसमुदायापुढे निष्प्रभ ठरला. जागेअभावी लोक मार्गाच्या आतील बाजूसही उभे राहिले आणि काही झाडांवर चढले. ब्रिटनमधील पहिल्या स्पीडवे शर्यतींचा मान कॅम्बर्लीच्या १९२७ मधील शर्यतींना देणारे अभ्यासक आहेत. परंतु ब्रिटिश जनतेला या खेळाचे वेड लावले ते हाय बीचनेच, हे निर्विवाद.

ब्रेकविरहित यंत्रावर स्वार होऊन, डावा पाय जमिनीला टेकवीत व मागचे चाक घसरवीत वळण घेणे, हे या खेळाचे मर्म होय. फॉरेस्टर्स १९३० व १९३१ या दोन हंगामांत सदर्न लीगमध्ये उतरले. पुढे या भागात वेस्ट हॅम संघ प्रबळ झाला. कस्टम हाउस येथील त्या संघाने १९३७ साली नॅशनल लीगचे आणि १९६५ साली नव्या ब्रिटिश लीगचे पहिलेच विजेतेपद पटकाविले.