तुकडेजोड कोणाच्या हाती? विंडोज २००० आणि डिस्ककीपरचा वाद

इ.स. २००० मध्ये जर्मनीत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी एक अत्यंत नीरस सॉफ्टवेअर होते: डिस्क डिफ्रॅगमेंटर. विंडोज २००० सोबत आलेले हे साधन मायक्रोसॉफ्टने स्वतः घडवलेले नव्हते. कॅलिफोर्नियातील एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीच्या 'डिस्ककीपर'ची ती मर्यादित आवृत्ती होती. कंपनीचे संस्थापक क्रेग जेन्सन हे सायंटॉलॉजी पंथाचे उघड अनुयायी. जर्मनीत १९९७ पासून संविधान-रक्षणासाठी नेमलेल्या गुप्तवार्ता यंत्रणेची या पंथावर नजर होती. सरकारी कार्यालयांतील प्रत्येक फाइलपर्यंत पोहोचू शकणारा प्रोग्राम अशा हातांतून यावा का, असा प्रश्न तेथे उभा राहिला.

हा प्रोग्राम प्रत्येक फाइलपर्यंत पोहोचतोच कशाला, याचे उत्तर फाइल साठवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी फॅट ही पद्धत लिहिली. तिच्यात डिस्कचे छोटे समान भाग पाडतात आणि एका तक्त्यात प्रत्येक भागापुढे फाइलचा पुढचा भाग कोठे आहे ते नोंदवतात. फाइल पुसली की मध्ये मोकळी जागा पडते. नवी फाइल मोठी असेल तर ती अशा अनेक जागांत विखुरली जाते. महसुली मराठीत शेतजमिनीसाठी रूढ असलेले 'तुकडेबंदी' आणि 'तुकडेजोड' हे शब्द येथे चपखल बसतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारे टोक प्रत्येक तुकड्यासाठी नव्या जागी सरकवायचे आणि तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचे, हे हजारो वेळा घडले की यंत्र मंदावते.

आरंभी यावर एकच खात्रीचा उपाय होता: सारी माहिती टेपवर उतरवायची, डिस्क कोरी करायची आणि सारे परत भरायचे. मोठ्या व्हॅक्स संगणकांवर हे काम यंत्र बंद न ठेवता करता यावे, म्हणून १९८६ मध्ये डिस्ककीपर आले. घरगुती संगणकांवर पीटर नॉर्टन यांच्या कंपनीचे 'स्पीड डिस्क' लोकप्रिय झाले. ही कंपनी १९९० मध्ये सिमँटेकने घेतली आणि १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडूनच परवाना घेऊन 'डिफ्रॅग' दिले. हलणाऱ्या रंगीत चौकटींकडे तासन्‌तास पाहत बसलेली एक पिढी त्यानंतरचीच. साधन उसने घेण्याची मायक्रोसॉफ्टची सवय, थोडक्यात, जुनीच होती.

विंडोज एनटीमध्ये मात्र हे साधन नव्हतेच. १९९६ च्या एनटी ४ पासून तुकडे हलवण्याचे प्रत्यक्ष काम फाइल सिस्टीम करी; बाहेरचा प्रोग्राम फक्त कोणता तुकडा कोठे न्यायचा ते सांगे. त्यामुळे डिस्ककीपरविषयीची भीती तांत्रिकदृष्ट्या काहीशी अतिरंजित होती, आणि त्याने माहिती चोरल्याचा पुरावाही पुढे आला नाही. तरीही ती निराधार म्हणता येत नाही. प्रशासकाचे अधिकार मिळालेला प्रोग्राम डिस्कवरचे बरेच काही वाचू शकतो, आणि बंद संहितेत काय दडले आहे हे ग्राहकाला दिसत नाही. दुसऱ्या बाजूने, सायंटॉलॉजीच्या अनुयायांना जर्मनीत मिळणाऱ्या वागणुकीवर अमेरिकेचे परराष्ट्र खाते त्या काळात आपल्या अहवालांतून टीका करीत होते. मालकाच्या श्रद्धेवरून मालाची पारख करावी का, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

मायक्रोसॉफ्टने वाद मिटवला तो व्यापाऱ्याच्या शहाणपणाने: हे साधन काढून टाकण्याची कृती प्रसिद्ध केली. ज्यांना पर्याय हवा होता त्यांच्यासाठी बर्लिनच्याच ओ अँड ओ सॉफ्टवेअर या कंपनीचे डिफ्रॅग बाजारात होते.

पुढे विंडोज व्हिस्टासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःचे साधन लिहिले. रंगीत नकाशा गेला, काम आठवड्यातून एकदा आपोआप होऊ लागले, आणि ६४ मेगाबाइटांहून मोठे तुकडे जोडण्याचा खटाटोपही सोडून देण्यात आला, कारण एवढा तुकडा वाचण्यास लागणाऱ्या वेळापुढे टोक सरकण्याचा वेळ नगण्य ठरतो. २००९ च्या विंडोज ७ ने एसएसडीवर हे नियमित काम बंदच ठेवले. तेथे फिरणारी तबकडी नाही, सरकणारे टोक नाही. उलट प्रत्येक अनावश्यक लेखनाने स्मृतिपेशींचे आयुष्य घटते.