संधिवाताचे उपचार: गरम पाण्याच्या कुंडापासून आठवड्याच्या गोळीपर्यंत

"वय झालं, आता सांधे कुरकुरणारच," असं आपण सहज म्हणतो. गुडघ्याच्या झिजेबद्दल ते काही अंशी खरंही आहे. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा संधिवात वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. बोटांचे, मनगटांचे, पावलांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी बराच वेळ जखडून राहतात. हा आजार ऐन कामाच्या वयात येतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट जास्त दिसतो.

यावर उपचार कसे सापडले आणि ते कोणापर्यंत पोहोचले, याचा इतिहास तुम्हाला माहीत असावा. कारण त्यातून तुमच्या स्वतःच्या उपचारांबद्दल बरंच कळतं.

पाण्याचे दिवस

आपल्याकडे सांधे दुखले की लोक वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जातात. इंग्लंडमध्ये असंच गाव म्हणजे बाथ. तिथे १७४२ मध्ये गरीब रुग्णांसाठी खास रुग्णालय सुरू झालं. पण दाखल होणं सोपं नव्हतं. गावच्या डॉक्टरांचं पत्र लागे आणि अनामत रक्कमही भरावी लागे. ही रक्कम कशासाठी? रुग्ण बरा झाला तर परतीच्या प्रवासासाठी, आणि दगावला तर अंत्यविधीसाठी! रुग्णांना पितळी बिल्ला लावावा लागे, म्हणजे ते दारूच्या गुत्त्यात गेले तर ओळखू येत. खुद्द बाथच्या रहिवाशांना मात्र तिथे बरीच वर्षं प्रवेशच नव्हता. गरम पाण्याने आराम पडायचा, सांधे मोकळे व्हायचे, पण आजार तिथेच राहायचा.

नाव मिळालं, औषध नाही

१८०० मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरांनी नऊ स्त्रियांच्या आजाराचं वर्णन केलं. हा गाऊटचाच एक प्रकार असावा, असं त्यांना वाटलं. पुढे लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं हे दाखवलं आणि १८५९ मध्ये या वेगळ्या आजाराला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव दिलं. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं. वेदना कमी झाल्या, पण सांध्यांची हानी थांबली नाही.

स्टिरॉइडची जादू आणि तिची किंमत

कावीळ झाली किंवा गर्भ राहिला की काही रुग्णांचा संधिवात आपोआप कमी होतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. फिलिप हेंच यांच्या लक्षात आलं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली. अंथरुणातून जेमतेम उठणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण औषध थांबवलं की आजार परत येई. जास्त काळ घेतलं तर चेहरा सुजे, हाडं ठिसूळ होत, साखर वाढे. स्टिरॉइड आजही उपयोगी आहे, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि मुदतीत. "दुखणं लगेच थांबवणाऱ्या" निनावी पुड्यांमध्ये अनेकदा तेच मिसळलेलं असतं. म्हणून त्यांपासून दूर राहा.

भीमावरमचे सुब्बाराव

खरा बदल घडवला मेथोट्रेक्झेटने. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन करत. त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिडच्या विरोधात काम करणारी ही औषधं तयार केली. ती आधी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरली गेली. संधिवातावर अगदी कमी मात्रेत ती चालतात, याचा पहिला अनुभव १९५१ मध्येच आला होता. तरी अमेरिकेत या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळायला १९८८ उजाडलं.

उशीर का झाला? तेव्हाची पद्धत अशी होती, की आधी वेदनाशामक द्या, विश्रांती द्या, आणि सांधे वाकडे झाले की मगच 'मोठं' औषध. पुढे लक्षात आलं, की हाडांची हानी पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. मग क्रम उलटा झाला. आज निदान होताच मूळ आजारावरचं औषध सुरू करतात.

१९९२ मध्ये लंडनला लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ हे दाहकारी प्रथिन रोखणारं औषध रुग्णांना देऊन पाहिलं. त्यातून बायोलॉजिक इंजेक्शनं आली. ती प्रभावी होती, पण फार महाग. २०१४ मध्ये अडालिमुमॅब या इंजेक्शनची स्वस्त भारतीय आवृत्ती आली, तरी अनेक कुटुंबांना तो खर्च आजही जड जातो.

भिगवणने काय दाखवलं?

१९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत साधारण दर दोनशे माणसांमागे एकाला हा संधिवात आढळला. म्हणजे हा आजार खेड्यातही आहे. संधिवाततज्ज्ञ मात्र बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत. बाथला अनामत रकमेची अडचण होती, आपल्याकडे अंतराची आणि "बघू पुढे" या सवयीची आहे.

तुम्ही काय करायचं?

- सांधे सुजलेले असतील आणि सकाळचा जखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, असं सहा आठवडे चाललं तर थांबू नका.
- तज्ज्ञ जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा. मेथोट्रेक्झेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन ही औषधं देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि महाग नाहीत.
- मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि तो पाकिटावर लिहून ठेवा.
- सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. या औषधावर असताना गर्भधारणा टाळावी लागते.
- बरं वाटलं म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका.

दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णांकडे वाट पाहण्यावाचून पर्याय नव्हता. तुमच्याकडे आहे. फक्त बोटं वाकडी होण्याआधी पोहोचा.