वजिराच्या प्याद्यास काळ्याचे भक्कम उत्तर : लास्कर ते आनंद

प्रस्तावना :
बुद्धिबळात वजिरापुढील प्यादी समोरासमोर आल्यावर पांढरा आपल्या वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे देऊ करतो. यास क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. ते प्यादे न मारता, राजापुढील प्यादे एक घर सरकवून मध्य राखणे हा काळ्याचा 'क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड' बचाव होय. हा बचाव केवळ बरोबरीसाठी असतो, असा समज रूढ आहे. जगज्जेतेपदाच्या लढतींच्या आधारे तो समज तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बचावाचे स्वरूप :
या रचनेत काळ्याचा मध्य मजबूत राहतो; मात्र वजिराच्या बाजूचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे अडकतो आणि मोहऱ्यांना जागा अपुरी पडते. इमॅन्युएल लास्कर यांनी १९०७ मध्ये मार्शल यांच्याविरुद्धच्या लढतीत यावर उपाय योजला. घोडा मध्यभागी नेऊन उंट व घोडे यांची अदलाबदल करावयाची, हे त्याचे सूत्र होते. मोहरी कमी झाली की अपुरी जागाही पुरेशी ठरते.

ऐतिहासिक आढावा :
१९२१ मध्ये हवाना येथे दहाव्या डावात याच बचावातून कापाब्लांका यांनी काळ्या मोहऱ्यांनी लास्कर यांना हरविले. पांढऱ्याचे एकाकी पडलेले प्यादे त्या डावात ओझे ठरले. १९२७ मध्ये ब्यूनस आयर्स येथील ३४ डावांपैकी ३२ डावांत हा बचाव खेळला गेला. लढतीत २५ डाव बरोबरीत सुटल्याने वरील समज दृढ झाला असावा. तथापि, या बचावाच्या निकाली ठरलेल्या सात डावांपैकी अकरावा व एकविसावा हे डाव अलेखाइन यांनी काळ्या मोहऱ्यांनीच जिंकले आणि ते जगज्जेते झाले.

२०१० मध्ये सोफिया येथे आनंद व टोपालोव यांचे अकरा डावांअखेर समान गुण होते. अखेरच्या बाराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आनंद यांनी लास्कर यांचाच बचाव निवडला. बरोबरी झाली असती तर जलद डावांनी निकाल लागणार होता. टोपालोव यांनी ३१ व्या व ३२ व्या चालींत प्यादी मारून स्वतःच्या राजासमोरील तटबंदी उघडी केली. ५६ व्या चालीनंतर त्यांनी हार मानली आणि आनंद यांनी ६.५-५.५ अशा गुणांनी जगज्जेतेपद राखले.

निष्कर्ष :
भक्कम बचाव स्वतः विजय मिळवून देत नाही. तो जोखीम पत्करण्याचा भार प्रतिस्पर्ध्यावर टाकतो, असे या डावांवरून म्हणता येईल. म्हणून अभ्यासकाने चाली पाठ करण्यापेक्षा कोणते मोहरे केव्हा व का बदलले, हे समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.