दूरध्वनीवरील आवाज : एका तडजोडीचा इतिहास

भ्रमणध्वनीवरून येणारा आवाज पूर्वीच्या तारेच्या दूरध्वनीइतका स्वच्छ नसतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. यंत्र जितके नवे तितका आवाज चांगला, ह्या समजामुळे तिचे कारण बहुधा यंत्राच्या दोषात शोधले जाते. इतिहास पाहता मात्र असे दिसते की, हा ऱ्हास पुष्कळ अंशी हिशेबाने पत्करलेला आहे.

तारेच्या दूरध्वनीनेही संपूर्ण आवाज कधी वाहून नेला नाही. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा शब्द कळण्यास पुरेसा मानला गेला. 'स', 'श' ह्यांसारख्या ऊष्म वर्णांचा बराचसा ध्वनी त्याच्या वर राहून जातो. १९७२ साली ह्या पट्ट्याचे अंकांत रूपांतर करण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत ठरला. त्यानुसार सेकंदास ८००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांनी दर्शविला जाई. म्हणजे एका आवाजाकरिता सेकंदास ६४,००० बिट खर्ची पडत.

तारेच्या मानाने आकाशातील लहरींचा पट्टा दुर्मिळ व महाग. म्हणून १९९१ साली युरोपात सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीने हा खर्च १३,००० बिटांवर आणला. त्यासाठी मूळ ध्वनिलहर न पाठविता ती उत्पन्न करणाऱ्या कंठनालाचे जणू वर्णनच पाठविले जाऊ लागले. पुढे अर्धवेगी संकेताने ५,६०० बिटांत काम भागविले आणि एकाच्या जागी दोन संभाषणे बसविली. शिवाय आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधून पाठविला जात असल्याने उत्तर येण्यास विलंब होऊ लागला. एकाच वेळी दोघांनी बोलू लागणे हा त्याचाच परिणाम होय.

भारतात पहिले भ्रमणध्वनी-संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली ह्यांच्या दरम्यान झाले. वीस वर्षांनी, २०१५ साली, तुटलेल्या प्रत्येक संभाषणाबद्दल ग्राहकास एक रुपया, दिवसाला कमाल तीन वेळा, देण्याचा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केला. तो २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. वाद झाला तो तुटलेल्या संभाषणाचा. ते मोजता येते. न तुटता झिजून पोहोचलेल्या आवाजाची मोजदाद तितकी सोपी नाही.

२००१ साली मान्य झालेल्या नव्या संकेताने ५० ते ७००० हर्ट्‌झचा पट्टा खुला केला. तथापि दोन्ही टोकांची यंत्रे आणि मधली सारी यंत्रणा तो संकेत जाणत नसल्यास संभाषण पुन्हा जुन्या अरुंद पट्ट्यात येते. साधन उपलब्ध असूनही आवाज क्षीणच राहतो, तो ह्यामुळे.

ह्या तडजोडीने कोट्यवधी लोकांना बोलण्याचे साधन मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. तरुण कान अपुरा शब्द संदर्भाने भरून घेतो. वृद्ध किंवा मंदश्रुती माणसाला तो पुन्हा विचारावा लागतो. दूरध्वनीच्या प्रगतीचा हिशेब मांडताना संभाषणांच्या संख्येबरोबर हा पुन्हा विचारलेला शब्दही धरला पाहिजे.