पंख आणि पंखा

चालू टेबल फॅनपुढे हातभर अंतरावर एक हलका दोरा धरून पाहा. दोरा सरळ पुढे उडत नाही, जरा एका बाजूला कलतो. पंख्याच्या वरच्या अंगाला धरला तर एकीकडे, खालच्या अंगाला धरला तर बरोबर उलटीकडे. पाती हवेला पुढे ढकलतात, तसा तिला पीळही घालतात. विमानाच्या प्रोपेलरचंही तेच. त्या पिळात गेलेली ताकद विमान पुढे न्यायला उपयोगी पडत नाही.

दुसरा पीळ पंखाच्या टोकाशी पडतो. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. म्हणून टोकाशी खालची हवा बाहेरून वळसा घालून वर चढते आणि मागे भोवरा सुटतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी याचं गणित मांडलं. उचल तेवढीच हवी असेल, तर पंख जितका तोकडा तितका या भोवऱ्यापायी होणारा अडसर मोठा. लांबलचक पंख हा त्यावरचा सरळ उपाय.

अमेरिकेत लँगलीच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चार्ल्स झिमरमन यांना 1930 च्या दशकात वेगळंच सुचलं: हे दोन पीळ एकमेकांवर घालायचे. प्रोपेलर थेट पंखाच्या टोकावर बसवायचा आणि भोवऱ्याच्या उलट फिरवायचा, म्हणजे धडाच्या बाजूचं पातं वर जाईल आणि बाहेरचं खाली येईल. मला ही कल्पना फार देखणी वाटते. दोन नुकसानं समोरासमोर आणली की दोन्ही कमी होतात.

मग ते चान्स व्हॉट कंपनीत गेले आणि तिथे व्ही-173 तयार झालं. लाकूड नि कापडाचं, जवळजवळ वाटोळं. पंख म्हणजेच विमान. रुंदी जेमतेम 23 फूट आणि दोन्ही टोकांना साडेसोळा फुटी प्रोपेलर. 80 अश्वशक्तीची दोन इंजिनं आत होती. एक बंद पडलं तरी दोन्ही प्रोपेलर फिरत राहावेत म्हणून ती दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. ही जोडणी नसती तर एका टोकाचा जोर जाताच विमान गर्रकन वळलं असतं. टोकावर प्रोपेलर सहसा दिसत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण.

23 नोव्हेंबर 1942 रोजी कनेक्टिकटमध्ये वैमानिक बून गायटन यांनी ते पहिल्यांदा उडवलं. जवळजवळ सगळा पंख प्रोपेलरच्या झोतात असल्यानं ते अगदी सावकाश उडू शके. पुढच्या वर्षी एकदा गायटनना ते समुद्रकिनाऱ्यावर उतरवावं लागलं. वाटेत माणसं दिसताच त्यांनी करकचून ब्रेक लावले आणि विमान उलटं झालं. गायटनना काही झालं नाही, विमानही फारसं मोडलं नाही.

त्याच धर्तीचं धातूचं लढाऊ विमान, एक्सएफ5यू, अमेरिकी नौदलासाठी बांधून झालं. पण जेटचा जमाना आला होता. 1947 मध्ये नौदलानं ते काम रद्द केलं आणि लोखंडी गोळ्यानं विमान फोडलं.

कल्पना मात्र फुटली नाही. 1969 मध्ये संशोधक स्नायडर आणि झुमवॉल्ट यांनी प्रयोगातून दाखवलं, की टोकावरचा प्रोपेलर भोवऱ्याच्या उलट फिरवला की उचल वाढते, अडसर घटतो. नासाच्या विजेवरच्या एक्स-57 विमानाच्या आराखड्यातही मुख्य प्रोपेलर टोकांवरच होते. तो प्रकल्प 2023 मध्ये उड्डाणाआधीच थांबला.

व्ही-173 आजही आहे. कंपनीच्या निवृत्त कामगारांनी ते नीट केलं आणि डॅलसच्या संग्रहालयात ठेवलं. एवढाली पाती जमिनीला लागू नयेत म्हणून त्याचे पुढचे पाय फार उंच केलेले. त्यामुळे जागेवर उभं असतानाही त्याचं तोंड आभाळाकडेच असतं.