‘निर्वासित’ आणि ‘घुसखोर’ : दोन शब्दांमधला ठाणे जिल्हा

उल्हासनगरमध्ये आजही पत्ता विचारला की उत्तर ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असेच मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराने ज्या छावण्या उभारल्या होत्या, त्यांचे हे क्रमांक आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना याच बराकींत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून तिचे नामकरण झाले. कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात या लोकांसाठी एक शब्द रूढ होता : निर्वासित.

या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘निर्वासित’ हे कर्मणी रूप आहे. ज्याला वसतिस्थानातून बाहेर काढले गेले, तो निर्वासित. काढणारा दुसराच कोणी असतो, म्हणून दोषही त्याच्याकडे जातो. याच जिल्ह्यात चारपाच दशकांनी सीमेपलीकडून आलेल्या, किंवा आल्याचा संशय असलेल्या माणसांसाठी दुसरा शब्द रूढ झाला : घुसखोर. यातला ‘खोर’ हा फारसी प्रत्यय आपण लाचखोर, चुगलखोर, भांडखोर या शब्दांत वापरतो. तो कृतीबरोबर स्वभावही सांगतो. पहिल्या शब्दात माणसावर काय गुदरले ते कळते, तर दुसऱ्यात माणूस कसा आहे याचा निकालच दिलेला असतो. या दोन शब्दांमधले अंतर कायद्याने निर्माण केले की राज्यकर्त्यांनी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

निर्वासितांचे स्वागत सरसकट प्रेमाने झाले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. १९४८ साली मुंबई सरकारने निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा करून नोंदणी सक्तीची केली आणि त्यांनी कोठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. मुंबई शहरावरचा भार कल्याणकडे वळवण्याची ती सोय होती. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानेही एक तारीख आखून दिली. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथेच राहिलेले, स्वतः किंवा आईवडील वा आजीआजोबा अखंड भारतात जन्मलेले लोक आपोआप नागरिक ठरले. त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांचे वास्तव्य आणि अधिकाऱ्याकडची नोंदणी आवश्यक होती. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कागद नसलेल्या माणसाला कागद मिळवून देणे हे त्या वेळी शासनाने आपले काम मानले होते.

परकीयांविषयीचा कायदा हा केंद्राचा विषय आहे. १९४६च्या परकीय नागरिक कायद्याने आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच टाकली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला असला, तरी हे तत्त्व कायम आहे. परंतु केंद्राने १९५८ साली परकीयांना बाहेर पाठवण्याचे अधिकार राज्यांकडे सोपवले. त्यामुळे कोणत्या वस्तीत जायचे, कोणाकडे कागद मागायचे आणि कोणता कागद पुरेसा मानायचा, हे प्रत्यक्षात राज्याचे पोलीस ठरवू लागले. कायदा सर्वत्र एक असला, तरी त्याचे व्याकरण राज्याराज्यांत बदलले ते येथे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जुलै १९९८चे आहे. महाराष्ट्रात त्या वेळी मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली शिवसेना-भाजप युतीचे शासन होते आणि बांगलादेशी घुसखोरांची हकालपट्टी हा युतीच्या प्रचारातला ठळक मुद्दा होता. मुंबईच्या वस्त्यांतून पकडलेल्या माणसांना पोलीस बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्सप्रेसने बंगालच्या सीमेकडे धाडले जाई. ठाणे, कल्याण मागे टाकत जाणारी ही गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्थानकात पोहोचली, तेव्हा फॉरवर्ड ब्लॉकच्या स्थानिक आमदाराच्या नेतृत्वाखाली जमावाने ती अडवली आणि तीसहून अधिक माणसांना पोलिसांच्या ताब्यातून सोडवले. यांतले बरेच जण बंगालचेच रहिवासी, बंगाली बोलणारे मुसलमान जरी-कामगार आहेत, असे तेथील नेत्यांचे म्हणणे होते. ज्योती बसू यांच्या शासनाने महाराष्ट्राकडे निषेध नोंदवला. कुर्ल्याला गाडीत चढलेला घुसखोर उलुबेरियाला उतरताना आपला माणूस झाला होता. दोन हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात त्याच्या खिशातला एकही कागद बदलला नव्हता.

यावरून महाराष्ट्र निष्ठुर आणि बंगाल कनवाळू असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो टिकत नाही. याच बसूंच्या शासनाने १९७९ साली दंडकारण्यातून परतलेल्या बंगाली निर्वासितांना सुंदरबनमधल्या मरीचझापी बेटावरून बळाने हुसकावले होते आणि त्यात माणसे मेली होती. उलट महाराष्ट्राने पूर्व बंगालमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना तेव्हाच्या चांदा आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी-मुलचेरा परिसरात जमिनी देऊन वसवले. तेव्हा राज्यांचे स्वभाव वेगळे असतात असे म्हणण्यापेक्षा, आलेला माणूस कोणत्या धर्माचा, कोणती भाषा बोलणारा आणि कोणाचा मतदार होण्याजोगा, यावर त्याला कोणता शब्द मिळेल हे ठरते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

इतर राज्यांचा अनुभवही हेच सांगतो. आसामसाठी १९८३ साली संसदेने वेगळाच कायदा केला. त्यात परकीयत्व सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर होता. म्हणजे जो संशयित ठाण्यात स्वतःला सिद्ध करण्यास बांधील होता, तो गुवाहाटीत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हा कायदा रद्द केला. पुढे २०१९ मध्ये आसामच्या नागरिक सूचीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. याउलट, फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून लोक येऊ लागले तेव्हा केंद्राने त्यांना रोखण्यास सांगितले. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी मात्र हे आपल्या रक्ताचे लोक आहेत असे पंतप्रधानांना कळवले आणि त्यांना आसरा दिला. शेजारच्या मणिपूरने त्यांच्यासाठी छावण्या उघडू नयेत असा आदेश काढला आणि टीका होताच तो काही दिवसांत मागे घेतला. केंद्राचे पत्र एक होते. त्याचे वाचन दोन राजधान्यांत दोन तऱ्हांनी झाले.

हा इतिहास संपलेला नाही. जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोड येथे पकडलेल्या, मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून बांगलादेशात ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल शासनाने त्याच्या भारतीयत्वाचे कागद पुढे केल्यावर काही दिवसांत तो परत आला. म्हणजे १९९८च्या उलुबेरियाचीच ही पुनरावृत्ती होती, फक्त या वेळी माणूस सीमा ओलांडून गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ जवळ असल्याने कोणी भारतीय नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण बनावट कागदांचा धंदा खोटा नाही. पण मग आपल्यापैकी किती जणांकडे निर्विवाद कागद आहे, असाही प्रश्न उरतो. माझ्या आजीच्या जन्माची नोंद कोठेही नव्हती. भाताच्या लावणीत जन्मली, एवढेच घरात ठाऊक होते. तिला कोणी कधी कागद मागितला नाही, कारण ती मराठी बोलत होती.

परकीय नागरिकाला परत पाठवण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार मी नाकारत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. चौकशी, पुरावा, निर्णय आणि मग शब्द, असा तो क्रम असायला हवा. आपल्याकडे शब्द आधी येतो आणि पुरावा त्याच्या मागून धावतो. शासनाची धोरणे बदलणे आपणा भाषेच्या अध्यापकांच्या हाती नाही. पण वर्गात, निबंधात, वर्तमानपत्राच्या कात्रणात ‘घुसखोर’ हा शब्द आला, की हे कोणी, कोणत्या पुराव्यावर ठरवले, असे विद्यार्थ्याला विचारता येते. कल्याणच्या पुढच्याच स्थानकावर एक सबंध शहर उभे आहे. तेथल्या माणसांना १९४७ साली दुसरा शब्द लावला गेला असता, तर त्या बराकींच्या जागी आज काय असते, याचा विचार त्या विद्यार्थ्याने स्वतः करावा.