वॉट म्हणजे नेमके किती? घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीची गोष्ट

घरी चांगला हाय-फाय संच जोडायचा ठरवला, की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा?' जितका आकडा मोठा तितकं यंत्र चांगलं, असं आपण धरून चालतो. ही समजूत आली कुठून आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हे आज आपण बघणार आहोत.

सुरुवात इंग्लंडमधून करू. एप्रिल १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. देशोदेशीच्या हौशी लोकांनी ती वाचून घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधले. त्याची ताकद होती १५ वॉट. १९५३ मध्ये आलेला 'क्वाड टू' हाही १५ वॉटचाच. आणि हे त्या काळातले उत्तम अ‍ॅम्प्लिफायर मानले जात!

आता तुम्ही म्हणाल, १५ वॉटमध्ये दिवाणखाना भरायचा कसा? तर भरायचा, कारण तेव्हाचे चांगले स्पीकर प्रचंड मोठे असत. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांचा 'क्लिप्शहॉर्न' तर खोलीचा एक कोपराच अडवून बसायचा. पण असा स्पीकर थोड्याशा विजेतून भरपूर आवाज काढायचा.

हे बदललं १९५४ मध्ये. एडगर व्हिलचर यांच्या 'अकूस्टिक रिसर्च' कंपनीने 'एआर-१' हा स्पीकर आणला. पेटी हवाबंद, आणि आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. त्यामुळे तुलनेने लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला. चार-पाच वर्षांत स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या. एका स्पीकरच्या जागी दोन ठेवायचे झाले, तेव्हा लहान पेट्यांची गरज आणखी वाढली. पण त्याची किंमत मोजावी लागली. हे स्पीकर वीज खूप मागायचे.

किती खूप? इथे थोडं गणित करू. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, हे स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. समजा, एक स्पीकर १०० डेसिबलचा आहे आणि दुसरा ८७ चा. फरक १३ डेसिबलचा. १० डेसिबलला दहापट आणि उरलेल्या ३ डेसिबलला दुप्पट, म्हणजे वीसपट वीज. पहिल्याला जिथे १५ वॉट पुरतात, तिथे दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी ३०० लागतात!

ही भूक ट्रान्झिस्टरने भागवली. १९६७ च्या 'क्राउन डीसी-३००' मध्ये प्रत्येक चॅनेलला १५० वॉट मिळत होते. आकडा विकला जातो, हे कंपन्यांच्याही लक्षात आलं. मग जाहिरातीत 'म्युझिक पॉवर', 'पीक पॉवर' असे शब्द आले. समजा, अ‍ॅम्प्लिफायर सतत २० वॉट देतो. क्षणिक शिखर मोजलं की ४० होतात. दोन्ही चॅनेलची बेरीज केली की ८०. यंत्र तेच, फक्त मोजमाप बदललं.

शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, तो नोव्हेंबर १९७४ पासून लागू झाला. ताकद छापायची तर ती सतत देता येणारी हवी, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजलेली हवी. कोणत्या ओहमवर, कोणत्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह मोजली, हेही सांगायला हवं. शिवाय मोजण्याआधी यंत्र एक तास एक-तृतीयांश ताकदीवर चालवायचं. ही अट जाचक होती, कारण नेमकं त्याच सुमारास असा अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतो. उत्पादकांनी कुरकुर केली, पण त्यांना उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या मोठ्या कराव्या लागल्या. त्यानंतरही चढाओढ थांबली नाही. १९७८ चा 'पायोनियर एसएक्स-१९८०' प्रत्येक चॅनेलला २७० वॉट देत होता. फरक एवढाच, की आता तो आकडा खरा होता.

हा नियम अमेरिकेपुरता होता. आपल्याकडे १९९० च्या दशकात कॅसेट डेकवर 'पीएमपीओ'चे स्टिकर झळकायचे, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. आम्हीही अशाच एका हजार वॉटच्या स्टिकरला भुललो. घरी आल्यावर डेक उलटा करून बघितला, तर मागे लिहिलं होतं: वीजवापर २५ वॉट. आता भिंतीतून २५ घेणारं यंत्र सतत हजार देणार कुठून? आवाज थोडा वाढवला की फाटायचा. चूक आमचीच, मागची बाजू आधी बघितली नव्हती.

मग आज निवड कशी करायची? आधी स्पीकर ठरवा, अ‍ॅम्प्लिफायर नंतर. खोली केवढी आणि स्पीकर किती डेसिबलचा, हे बघा. ५० वॉटच्या जागी ६० घेतल्याने एक डेसिबलही वाढत नाही, दुप्पट केले तरी वाढतात ते तीनच. पण ताकद राखून ठेवणंही गरजेचं आहे. तबल्याची एखादी थाप सरासरीच्या दहापट वीज मागू शकते, आणि तिथे अ‍ॅम्प्लिफायर कमी पडला तर आवाज फाटतो, कधी ट्वीटरही जळतो.

आणि आकडा वाचताना १९७४ चेच प्रश्न विचारा: सतत की क्षणिक? किती ओहमवर? दोन्ही चॅनेल चालू होते का? विकृती किती? २०२४ मध्ये त्या कमिशनने नियम आणखी कडक केला आणि ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, एक टक्क्याहून कमी विकृती, अशा एकसारख्या अटी घालून दिल्या. पन्नास वर्षांनंतरही तो नियम दुरुस्त करावा लागला, यावरून दुकानात आपण किती सावध असायला हवं ते समजून घ्या.